बाबा गेले, आणि सोमवारी ऑफिस

न्यूजर्सीहून एकीचं पत्र आलंय. बाबा मुलुंडला गेले, ही मिळेल त्या फ्लाइटने आली, तेरावा झाला की लगेच परत कारण रजा संपली. आता नवरा म्हणतो अजून किती दिवस असं, भावाला फोन केला की तो सोसायटी आणि बँकेचंच बोलतो, आई म्हणते मी मजेत आहे. "माझं ऐकायला कोणीच नाही" असं लिहिलंय.

अगं, तुझं काही चुकत नाहीये. अमेरिकेत अशी रजा द्यायलाच पाहिजे असा केंद्राचा कायदाच नाही, काही राज्यं सोडली तर कंपनीच्या मर्जीवर सगळं. इथे मुंबई कितीही धावपळीची असली तरी माणूस गेला की बिल्डिंगमधले येऊन बसतात, शेजारची पिठलं-भात आणून देते, आणि प्रत्येक जण तेच विचारतो, "कसं काय झालं हो अचानक?" मग आई परत पहिल्यापासून सुरू करते, रात्री नीट जेवले, दूध प्यायले, मग म्हणाले जरा पंखा वाढव. पाचव्यांदा ऐकताना आपल्याला वैताग येतो पण त्या सांगण्यातच माणूस थोडा थोडा मोकळा होत असतो. तू पोचलीस तेव्हा आईचं बरंच सांगून झालं होतं आणि तुझं सुरू व्हायच्या आत विमान. तुला कोणी विचारलंच नाही ना, की फोन आला तेव्हा तू कुठे होतीस?

तर ते आता सांगायचं. मात्र "मला फार एकटं वाटतं" म्हटलं की समोरचा घाबरतो आणि लगेच स्ट्राँग राहा, आत्मा अमर असतो वगैरे चालू होतो (व्हॉट्सॲपवरच्या हात जोडलेल्या इमोजीबद्दल तर मी बोलतच नाही). त्यापेक्षा बाबांची गोष्ट सांग. स्लो लोकलमध्ये खिडकी मिळावी म्हणून आधीची गाडी सोडायचे, भाजीवाल्याशी कोथिंबिरीवरून भांडायचे, जे काय असेल ते. यावर लोक बोलतात, त्यांनाही आपले वडील आठवतात. आणि ऐकायला माणूस निवडताना ज्याचे आई किंवा वडील गेलेत असाच पकड. मंडळात गणपतीला भेटतात ना त्यातल्याच एखाद्या काकू, त्यांना सरळ म्हण, "काकू, सल्ला नको, अर्धा तास येऊन बसू का?" नवऱ्यालाही हेच शब्द सांग, बऱ्याच पुरुषांना वाटतं बायको रडतेय म्हणजे आपण काहीतरी सोडवायला पाहिजे, आणि सोडवता येत नाही म्हणून ते चिडतात.

आईचं मजेत असणं मला खरं वाटत नाही. तिला वाटतं पोरगी एवढ्या लांब, कशाला त्रास, आणि तुलाही तेच वाटतं, मग दोघी व्हिडिओ कॉलवर जेवलीस का, जेवलीस का. तू लिहिलंयस रात्री 11 ला तुला सगळ्यात वाईट वाटतं. तेव्हा मुलुंडला सकाळचे 8:30 असतात (घड्याळं बदलली की 9:30), म्हणजे आई दुसरा चहा घेऊन एकटीच बसलेली, ज्या वेळी समोर बाबा पेपर वाचत असायचे. तेव्हा फोन कर, व्हिडिओ नको, साधा कॉल. तू आधी रडलीस तर तीही रडेल, रडू दे.

आता एवढं करूनही सहा-आठ महिन्यांनी झोप नाही, कामात लक्ष नाही, दिवसच्या दिवस तेच चाललंय असं असेल तर काउन्सेलरकडे जायचं, त्याला लाजायचं काय. लांबलेल्या दुःखाला डॉक्टरसुद्धा आता आजार म्हणून ओळखतात. जगूच नये असं मनात आलं तर वाट न बघता तिकडची 988 हेल्पलाइन लाव, रात्री-अपरात्री कधीही. आईसाठी इथे सरकारची टेली-मानस हेल्पलाइन आहे, 14416, फुकट, मराठीतून बोलतात.

राहिला भाऊ. डेथ सर्टिफिकेटसाठी वॉर्ड ऑफिसला खेपा त्याने घातल्या, बँकेत फॉर्म त्याने भरले, सोसायटीच्या सेक्रेटरीची बोलणी त्यानेच खाल्ली. त्याला रडायला कधी मिळालं कोण जाणे. या रविवारी त्याला फोन लाव आणि फ्लॅटचा विषय निघायच्या आत विचार, "दादा, त्या रात्री नक्की काय झालं, मला पहिल्यापासून सांग." मधे बोलू नकोस, त्याला सांगू दे. मग तुझं सांग.