बोटीच्या केबिनमधल्या सागवानाला कोणतं तेल?

केबिनच्या फळ्या सोडवून नाशिकला घरी आणल्या, हे फार बरं केलंस. बंद केबिनमध्ये तेलाचा वास आठवडाभर डोकं उठवतो.

आधी एक गैरसमज काढ. दुकानात ‘टीक ऑइल’ म्हणून डबा मिळतो, त्यात सागाचं तेल नसतं. बहुधा जवस किंवा टंग तेल (टंग झाडाच्या बियांचं), थिनर आणि थोडं व्हार्निश असतं. वाड्याच्या दाराला आपण जवसाचं तेल लावतो, पण बोटीत मी ते टाळतो. कोंदट, दमट जागी त्यावर बुरशी धरते आणि लाकूड काळपट पडतं. माझी पसंती शुद्ध टंग तेलाला. सुकायला वेळ घेतं, पण पाण्यापुढे जास्त टिकतं.

साग मुळातच तेलकट. म्हणून २२० नंबरच्या पॉलिश पेपरने रेषेच्या दिशेने घास, मग अॅसिटोनच्या फडक्याने पूस आणि ते उडालं की लगेच पहिला हात दे. हात अगदी पातळ हवा. वीसेक मिनिटांनी वर राहिलेलं तेल पुसून काढ, नाहीतर चिकट थर बसतो आणि तो पुन्हा घासावा लागतो. दोन हातांत किमान एक दिवस जाऊ दे. पावसाळ्यात त्याहून जास्त. शक्यतो दिवाळीनंतरच हे काम काढ.

आणि तेलाच्या चिंध्या बोळा करून कोपऱ्यात कधीही टाकू नकोस. तेल सुकताना उष्णता धरते, चिंध्या आपोआप पेटतात. अंगणात एकेक पसरून वाळव, किंवा पाण्यात बुडवून झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेव.