आधी धुऱ्यावरची झाडं, मग परदेशी पत्र

प्रश्न : मी दारव्हा तालुक्यातल्या एका महाविद्यालयात बी.एस्सी.ला संख्याशास्त्र शिकवते. नेट ही पात्रता परीक्षा झाली आहे, पीएच.डी.ची नोंदणी व्हायची आहे. मुलं संख्याशास्त्र कशी शिकतात यावरही संशोधन होतं आणि त्यासाठी परदेशी विद्यापीठात अभ्यागत संशोधक म्हणून जाता येतं, असं कळलं. पण आमच्याकडची स्थिती अशी, की सोयाबीनच्या वावरातून नमुना, म्हणजे सगळ्या वावराचा अंदाज येईल अशी थोडी झाडं, आणा म्हटलं तर सगळी मुलं धुऱ्यावरचीच, म्हणजे बांधालगतचीच, झाडं उपटून घेऊन आली. इथून मला कोण बोलावणार? एक मध्यस्थ पैसे घेऊन निमंत्रणपत्र मिळवून देतो म्हणतो.
— एक प्राध्यापिका, जि. यवतमाळ

उत्तर : ताई, त्या मध्यस्थाला आजच नाही म्हणून कळवा. हे निमंत्रण तिथल्या प्राध्यापकाशी थेट पत्रव्यवहार करून मिळतं, त्यात दलालाचं काही काम नसतं. शिवाय अशा निमंत्रणासोबत बहुधा पगार येत नाही. बसायला जागा, ग्रंथालय आणि जाणत्या माणसांची सोबत मिळते. खर्चाची सोय आपली आपण करावी लागते. अमेरिकेत जायचं तर त्यासाठी फुलब्राइट-नेहरू शिष्यवृत्ती आहे, पण तिच्या डॉक्टरेट गटासाठी भारतात पीएच.डी.ची नोंदणी झालेली लागते. म्हणून आधी नोंदणी. मुंबईत मानखुर्दला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे, तिथे विज्ञान आणि गणित शिक्षणात पीएच.डी. करता येते. तेही बघून ठेवा.

आता धुऱ्याकडे वळू. तुम्ही ज्याला अडचण म्हणता, तोच तुमचा संशोधनाचा विषय आहे, हे मी अगदी मनापासून सांगते. 1940च्या दशकात आपल्या साताऱ्याकडचे संख्याशास्त्रज्ञ पांडुरंग सुखात्मे पीक कापणीच्या नमुना पाहणीवर, म्हणजे वावरातला मोजका तुकडा कापून साऱ्या पिकाचा अंदाज बांधण्यावर, काम करत होते. कापणीचा तुकडा फार लहान घेतला, तर उत्पन्नाचा अंदाज फुगतो, हे त्यांनी दाखवून दिलं. कारण तुकडा लहान असला की कडेची झाडं आत घ्यायची की बाहेर ठेवायची हा प्रश्न जागोजागी येतो, आणि कापणारा ती आत घेतो. कडेचं झाड मोजणाऱ्याला कसं चकवतं, हाच पेच तुमच्या मुलांच्या हातात आला आहे. पीक विम्यापायी कापणी प्रयोगाचं नाव आपल्याकडच्या प्रत्येक कास्तकाराच्या तोंडी असतं. परदेशातल्या वर्गाला हा संदर्भ आणायचा कुठून?

तेव्हा असं करा. आणलेल्या झाडांच्या शेंगा मुलांना मोजू द्या, सरासरी काढू द्या. मग कोऱ्या कागदावर एकच प्रश्न द्या : या झाडांवरून आख्ख्या वावराचा अंदाज बांधला तर तो जास्त येईल, कमी येईल की बरोबर, आणि का? उत्तर त्यांच्या बोलीत येऊ द्या, सुधारू नका. दुसऱ्या दिवशी यादृच्छिक, म्हणजे चिठ्ठी टाकल्यासारख्या आलेल्या, संख्यांच्या तक्त्यावरून तासाचा (पेरणीच्या ओळीचा) क्रमांक आणि पावलं काढा, तिथलं झाड उपटायला लावा, भलेही ते मरतुकडं असो. पुन्हा मोजणी, पुन्हा तोच प्रश्न. दोन्ही कागद मुलांच्या संमतीने जपून ठेवा. ‘हे झाड बारीक आहे, दुसरं घेऊ का?’ असं कोणी विचारलंच, तर ते वाक्य तिथल्या तिथे टिपून घ्या. माझ्या लेखी दोन सरासऱ्यांपेक्षा त्या वाक्याचं मोल जास्त आहे.

वाचनासाठी ‘स्टॅटिस्टिक्स एज्युकेशन रिसर्च जर्नल’ 2002पासून निघतं, इंटरनेटवर फुकट वाचता येतं. नमुना निवडीबद्दल विद्यार्थी काय समजतात यावरचे लेख त्यात शोधा आणि ज्यांचं काम तुमच्या प्रश्नाला लागून आहे, त्यांनाच लिहा. अमेरिकेतलं मिनेसोटा आणि न्यूझीलंडमधलं ऑकलंड या विद्यापीठांत या विषयाचे जुने जाणते गट आहेत. पण विद्यापीठाचं नाव बघून पत्र पाठवू नका, माणसाचं काम वाचून पाठवा. दर चार वर्षांनी आयकॉट्स ही या विषयाची जागतिक परिषद भरते, तिचे जुने निबंधही वाचायला मिळतात.

पत्र एका पानाचं असावं. प्रश्न काय, काय गोळा केलं, किती महिने यायचं, खर्च कुठून, एवढंच. मुलांची दोन-तीन उत्तरं जशीच्या तशी मराठीत द्या, खाली इंग्रजी अर्थ. रजा आणि ना-हरकत पत्राबद्दल प्राचार्यांशी आत्ताच बोलून ठेवा, त्या कागदाला वेळ लागतो.

आणि हे सोंगणीआधी उरका. सोयाबीन निघून गेलंच, तर तुरीवर करा. ती पुढे बरेच दिवस वावरात उभी असते.