एकतीस मार्कांची प्रार्थना

"मॅडम, मुलगा प्रार्थनेला बसत नाही."

समुपदेशनाच्या कामात हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की समोरचा माणूस खुर्चीत टेकायच्या आतच ते येणार हे मला कळतं. शब्द तेवढे बदलतात. कुणाचा मुलगा हरिपाठाला बसत नाही, कुणाची मुलगी आरतीला मोबाईल घेऊन उभी राहते, एका आईचा लेक शुक्रवारच्या नमाजाला टाळाटाळ करतो. तक्रार मुलाची असते आणि नापास झाल्याचा चेहरा आईबापांचा. यंदा एकाच महिन्यात अशी चार घरं आली, तेव्हा ठरवलं की एका घराची गोष्ट लिहूनच काढायची. त्यांची परवानगी आहे. ओळख पटेल असे तपशील बदललेत आणि नावं देत नाही.

घर नगरचं. आता अहिल्यानगर, पण त्या घरात अजून नगरच म्हणतात. वडील सत्तेचाळीस वर्षांचे, सरकारी कचेरीत कारकून, चर्चच्या मंडळीत पंच. घरामागच्या पत्र्याच्या खोलीत जुन्या पेट्या, म्हणजे हार्मोनियम, दुरुस्त करतात. पैशांसाठी नाही, हौस म्हणून. गल्लीतली पोरं त्यांना पेटीवाले काका म्हणतात, म्हणून मीही त्यांना पेटीवालेच म्हणते.

पहिल्याच भेटीत त्यांनी मला एक गोष्ट सुनावली. "लोकांना वाटतं आमच्याकडे घरात इंग्रजी बोलतात आणि रोज केक खातात. मॅडम, आमच्याकडे भाकरी आहे, ठेचा आहे, आणि रात्री रेव्हरंड टिळकांची भजनं आहेत, टाळ-तबल्यावर." अमेरिकन मिशनचे लोक १८३१ साली नगरला आले, आणि यांच्या घराण्यात ख्रिस्ती विश्वास चार पिढ्यांचा. पणजोबा भजनी मंडळात, आजोबा पेटीवर, वडील संडेस्कूलचे शिक्षक. हे सांगताना त्यांचा आवाज चढला आणि शेवटी एकदम खाली आला. "आणि माझ्या हातून हे तुटणार."

मुलगा सतरा वर्षांचा, बारावीला. सहा महिन्यांपासून रात्री साडेआठच्या घरच्या प्रार्थनेला येत नव्हता. रविवारी उपासनेला मात्र यायचा, मागच्या बाकावर बसायचा. ही गोष्ट त्यांनी जाता जाता सांगितली आणि मी तेव्हा तिच्याकडे नीट लक्ष दिलं नाही. बावीस वर्षं हे काम करूनही माणूस अशा ठिकाणी चुकतो.

कारण माझं लक्ष पेटीकडे होतं. पत्नी सोबत आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "संध्याकाळी सहाला त्या खोलीत गेले की साडेआठला प्रार्थनेपुरते बाहेर. पेटीशी जेवढं बोलतात तेवढं आमच्याशी बोलत नाहीत." झालं, माझ्या डोक्यात चित्र तयार! छंदात बुडालेला बाप, दुरावलेला मुलगा. पहिल्या दोन भेटी मी त्या खोलीतच घालवल्या, म्हणजे तिच्याबद्दल विचारण्यात. ते खुलून बोलले. पितळी रीड, म्हणजे सूर देणारी पट्टी, टोकाकडे घासली की सूर चढतो, बुडाशी घासली की उतरतो. जास्त घासली तर गेली, घासलेलं पितळ परत येत नाही. आकाशवाणीने १९४० साली पेटीला दाराबाहेर काढलं आणि ही बंदी १९७१ पर्यंत टिकली, पण "आमच्या मंडळीत ती तेव्हाही वाजत होती." मला हे ऐकायला फार आवडलं. मुलाच्या बाबतीत मात्र आम्ही तसूभरही पुढे सरकलो नाही.

पुढे मुलगा एकटा भेटला तेव्हा कळलं की लहानपणी तो त्याच खोलीत बसायचा, स्क्रू गोळा करायचा, भाता धरायचा. तिथले पप्पा त्याला आवडायचे. म्हणजे माझा तर्क पार उलटा होता. त्या घरात बापलेकांना जोडणारी एकच जागा होती, आणि मी तिच्यावरच आरोपपत्र लिहायला बसले होते. हौस दिसली की तिच्यावर खापर फोडायची घाई आम्हा समुपदेशकांनाही होते. बापाने घरात हौसेने काही करत राहणं ही मुलांसाठी चांगली गोष्ट असते. बाप चिडलेला नसताना कसा दिसतो, हे त्यांना तिथे पाहायला मिळतं.

मुलगा आला तो आईने गळ घातली म्हणून. हाताची घडी, नजर खिडकीबाहेर. मी विचारलं, "देवावर विश्वास राहिला नाही का?"

"आहे की." त्याला प्रश्नच विचित्र वाटला. "मी झोपताना करतो प्रार्थना. माझी माझी."

"मग साडेआठला काय होतं?"

बराच वेळ गप्प. मग म्हणाला, "तिथे माझी केस चालते. सगळ्यांचे डोळे मिटलेले असतात, मधे बोलता येत नाही. आणि शेवटी मला आमेन म्हणावं लागतं. म्हणजे माझ्यावरच्या तक्रारीवर मीच सही करायची."

ते वाक्य मी वहीत उतरवून घेतलं. इतकी वर्षं घरांतल्या भांडणांबद्दल वाचलंय, ऐकलंय, शिकवलंयही, पण इतकं नेमकं कुणी सांगितलं नव्हतं. त्याची परवानगी घेतली आणि म्हटलं, हे मी तुझ्या पप्पांना सांगणार नाही, त्यांना ते स्वतःला ऐकू येतं का ते पाहते.

पुढच्या भेटीत पेटीवाले एकटे होते. मी म्हटलं, "काल रात्री जशी प्रार्थना केलीत तशीच इथे म्हणाल का? जशीच्या तशी."

"इथे?" ते कानकोंडे झाले.

"मीही हात जोडते. माझा देव वेगळा असला तरी ऐकायला हरकत नाही ना त्याची?"

ते हसले, डोळे मिटले. आवाज सुरेख. "हे स्वर्गीय पित्या, दिवसभर तू आम्हांला सांभाळलंस म्हणून आम्ही तुझे उपकार मानतो. आजच्या भाकरीसाठी तुझे आभार. धाकटीची परीक्षा आहे, तिला स्मरणशक्ती दे. आमच्या थोरल्याला सद्बुद्धी दे, बापा. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत तो मोबाईल पाहतो, हे तुला ठाऊक आहे. ज्या मुलांच्या नादाला तो लागलाय त्यांच्यापासून त्याला दूर कर. आईला उलट बोलायची त्याची सवय मोड. गणितात त्याला शंभरपैकी एकतीस..."

तिथे थांबले. डोळे उघडले, पण माझ्याकडे पाहिलं नाही. टेबलावरच्या पाण्याच्या ग्लासाकडे पाहत राहिले. पंख्याचा आवाज तेवढा होता. मी काहीही बोलले नाही, आणि हे लिहिताना थोडा अभिमान वाटतो, कारण तरुणपणी मी नक्की बोलले असते.

"मॅडम," ते शेवटी म्हणाले, "देवाला मार्क कशाला सांगत होतो मी? त्याला काय माहीत नाहीत?"

"मग कुणाला सांगत होता?"

उत्तर त्यांनी दिलं नाही, मीही मागितलं नाही. आपल्या भाषेत यासाठी केव्हाची म्हण आहे: लेकी बोले सुने लागे. मी ती उच्चारल्याबरोबर ते एकदम म्हणाले, "आई करायची असं! माझ्या बायकोला ऐकवायचं असलं की बहिणीवर ओरडायची. मला इतका राग यायचा त्याचा." आणि मग हळू आवाजात, "मी तर देवालाच मधे घेतलं."

त्या दिवशी अजून एक काम उरलं होतं. माझा ओढा अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विचाराकडे आहे, हे माझ्याकडे येणाऱ्यांना लवकरच कळतं. १९५५ पासून त्यांनी मांडलेलं मराठीत एका अक्षरात सांगता येतं: च. 'व्हावं' असं वाटणं निरोगी, 'व्हायलाच पाहिजे' इथून दुखणं सुरू. मी पेटीवाल्यांना म्हटलं, मुलाबद्दलचं मनातलं वाक्य म्हणा.

"त्याने प्रार्थनेला बसलंच पाहिजे. नाहीतर मी बाप म्हणून फेल."

"आता च काढून."

"त्याने प्रार्थनेला..." ते अडखळले. "तो आमच्यात बसावा असं मला वाटतं. तो नसला की मला चुकल्या-चुकल्यासारखं होतं."

"हे त्याला कधी सांगितलंत?"

"हे? नाही. हे कधीच नाही."

आजवर त्या मुलाने मोबाईल, मित्र, मार्क सगळं ऐकलं होतं. तो नसला की बापाला करमत नाही, एवढंच त्याच्या कानावर आलं नव्हतं.

मग आम्ही काय ठरवलं ते सांगते, कारण पुष्कळ घरांना तेवढंच हवं असतं. घरची प्रार्थना बंद करायची नाही. ती साडेआठलाच व्हायची, मुलगा असो नसो, आणि 'बघा, आजही आला नाही' असा उसासा न टाकता. पण चार आठवडे त्या प्रार्थनेत मुलांची एकही तक्रार नाही. त्यांच्याबद्दल बोलायचं तर फक्त आभार. "आणि जी खरी काळजी आहे, ती देवाला सांगायचीच नाही का?" हा त्यांचा प्रश्न अगदी रास्त होता. श्रद्धावान माणसाला काळजी देवाला सांगू नका म्हणणारी मी कोण? मी म्हटलं, याचं उत्तर तुमच्याकडेच असेल, शोधा. पुढच्या भेटीत ते मत्तयच्या शुभवर्तमानाचा सहावा अध्याय घेऊन आले: प्रार्थना करताना आपल्या खोलीत जा, दार लाव आणि गुप्तपणे पित्याशी बोल. "शेकडो वेळा वाचलंय, मॅडम. पेटीची खोली आहेच, कडीही आहे." मी बायबलमधलं एक अक्षरही त्यांना सांगितलेलं नव्हतं. बाहेरून दिलेला उपाय लोक पंधरा दिवस पाळतात. स्वतःच्या श्रद्धेतून सापडलेला टिकतो, असा माझा अनुभव आहे.

मार्क, झोप, मोबाईल यांबद्दल बोलायचं तर मुलाशी थेट, दिवसाउजेडी, त्याला उत्तर देता येईल अशा वेळी. एका वेळी एकच विषय. आईने निरोप्याचं काम करायचं नाही. हे त्या माउलीला सगळ्यांत जड गेलं.

एका गोष्टीला मात्र मी ठाम नाही म्हटलं. दुसऱ्याच आठवड्यात पेटीवाले उत्साहाने म्हणाले, "त्याला परत पेटीच्या खोलीत बोलावतो, हळूहळू प्रार्थनेलाही येईल." अहो, हा गळ झाला! मुलांना आमिष शंभर पावलांवरून कळतं. एकदा कळलं की ती खोलीही त्याच्यासाठी साडेआठसारखीच होईल. तो आपणहून आला तर भाता धरायला द्या, आणि त्या वेळी फक्त भात्याबद्दल बोला.

तुमच्या घरी असं चाललं असेल तर आज रात्रीची तुमची प्रार्थना, आरती, जे काही असेल ते मनात परत म्हणून पाहा. किती वाक्यं देवासाठी होती आणि किती खोलीतल्या माणसासाठी, मोजा. पाहुण्यांसमोर गणपतीला 'याला बुद्धी दे रे बाबा' म्हणणारे बाबाही यात आले. त्यावर सगळे हसतात, मुलगाही हसतो, आणि पुढच्या वर्षी आरतीच्या वेळी त्याला नेमकं बाहेर काम निघतं. या वयाची मुलं प्रश्न विचारतात, देव आहे का, असला तर असं का होतं. असा प्रश्न घरात मोठ्याने विचारता येत असेल तर घाबरू नका. मुलाने प्रश्न विचारणंच सोडलं असेल, तर मात्र थोडं थांबून पाहा.

आणि एक भेद ओळखा. मूल फक्त प्रार्थनेलाच नव्हे, जेवायला, मित्रांत, खेळायलाही जाईनासं झालं, झोप उडाली, जगण्याबद्दल निराशेचं बोलू लागलं, तर तो श्रद्धेचा विषय राहत नाही. वेळ न घालवता डॉक्टरांना दाखवा. सरकारच्या टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक त्यासाठीच आहे, फोन करायला पैसे पडत नाहीत.

पेटीवाल्यांच्या घरी चार आठवड्यांत चमत्कार झाला नाही. पहिल्या आठवड्यात मुलाला संशय आला, त्याने आईला विचारलं, "पप्पांना बरं नाही का?" दुसऱ्या आठवड्यात बापलेकांचं मोबाईलवरून खडाजंगी भांडण झालं, पण समोरासमोर, आणि मुलानेही भरपूर सुनावलं. पेटीवाले हताश होऊन आले, मला मात्र बरं वाटलं. सहा महिन्यांत पहिल्यांदा त्या मुलाला उत्तर देता आलं होतं. 'तू नसलास की चुकल्यासारखं होतं' हे वाक्य त्यांनी तिसऱ्या आठवड्यात सांगितलं, स्कूटरवर, हेल्मेट घालून. ट्रॅफिकमध्ये नीट ऐकू गेलं की नाही हेही त्यांना माहीत नव्हतं.

डिसेंबरच्या सुरुवातीला रात्री नऊला त्यांचा फोन आला. एवढ्या उशिरा मी फोन घेत नाही, त्या दिवशी घेतला.

"मॅडम, आज आमेन आलं. स्वयंपाकघरातून. तो तिथे नाताळच्या ताऱ्याची कागदं चिकटवत बसला होता."

"तुम्ही काय केलंत?"

"काही नाही. डोळेच उघडले नाहीत." मग घाईघाईने, "उद्या त्याला बाहेर आमच्यात बोलावू का?"

"घाई कुणाला आहे?"

पलीकडून थोडा वेळ काहीच नाही. मग ते हसले. "मलाच."