खून विलायतेतला, बंगला मलबार हिलचा

प्रश्न : माटुंग्याला किंग्ज सर्कलच्या फुटपाथवर १९३४ सालची एक इंग्रजी रहस्यकादंबरी मिळाली. कित्येक वर्षं विसरली गेलेली ही कादंबरी हल्लीच लंडनमध्ये पुन्हा छापली गेली आहे. धनाढ्य गिरणीमालकाचा त्याच्या खोलीत खून होतो. मृत्युपत्रात सगळं पुतण्याला दिलेलं, पण मरण्याआधी महिनाभर मालकाने गुपचूप लग्न केलेलं. घटना त्याच काळातल्या मुंबईत घडवून हे मराठीत आणायचं आहे. परवानगी लागेल का? काय काय बदलावं लागेल? – एक वाचक, परळ

उत्तर : आधी लेखक कधी वारला ते शोधा, पुस्तकाचं साल इथे कामाचं नाही. आपल्याकडे लेखकाचा हक्क (कॉपीराइट) त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो आणि मोजणी पुढच्या १ जानेवारीपासून होते. १९६० साली वारला असेल तर २०२० अखेर रस्ता मोकळा झाला. १९७० साली वारला असेल तर २०३० संपेपर्यंत थांबा, नाहीतर वारसांची लेखी परवानगी घ्या. ब्रिटनमध्ये हीच मुदत ७० वर्षं आहे, तेव्हा तिथे ई-बुक विकायचं असेल तर हिशोब वेगळा. नव्या आवृत्तीच्या प्रस्तावनेला हात लावू नका, तिचा हक्क ती लिहिणाऱ्याकडे असतो.

खरी अडचण मृत्युपत्राची. इंग्लंडमध्ये १८३७च्या कायद्याने लग्न लागलं की आधीचं मृत्युपत्र आपोआप रद्द होतं, आणि तुमची कादंबरी त्याच खुंटीवर टांगलेली आहे. मुंबईतल्या हिंदू शेठजींनी विधिवत लग्न केलं तर मृत्युपत्राला धक्काही लागत नाही. १९२५च्या भारतीय वारसा कायद्यात तसं कलम आहे, पण ते हिंदूंच्या मृत्युपत्रांना लागू नाही. म्हणजे पुतण्या सुखात, आणि कथानक कोसळलं! शेठ ख्रिस्ती करा, किंवा लग्नाबरोबर दोन साक्षीदारांच्या सह्यांचं नवं मृत्युपत्र करवा. साक्षीदारांचंही तसंच. विलायतेत साक्षीदार म्हणून सही करणाऱ्या नोकराची देणगी बुडते, त्यामुळे तो संशयातून सुटतो. हिंदू शेठच्या घरच्या रामा गड्याने सही केली तरी त्याचे ५०० रुपये शाबूत. संशयित आयताच मिळाला, सोडू नका.

घड्याळाचा फायदा तर उचलाच. त्या काळात रेल्वे प्रमाणवेळेवर चाले आणि महापालिकेची घड्याळं ‘मुंबई टाइम’वर, ३९ मिनिटं मागे. स्टेशनात नऊ वाजले की शहरात आठ एकवीस! हा घोळ १९५५ पर्यंत चालला. पुतण्याने ‘साडेआठला मी घरी होतो’ म्हटलं की इन्स्पेक्टरने पहिला प्रश्न ‘कुठल्या घड्याळात?’ हाच विचारायला हवा. मात्र हा फरक वाचकाला पहिल्या दोन-तीन प्रकरणांत सहज, बोलण्याच्या ओघात कळू द्या. शेवटी खिशातून काढलात तर वाचक चिडेल, आणि ते रास्तच.

बाकी किरकोळ. मलबार हिलवर फायरप्लेस नाही, अर्धवट जळालेला कागद शेगडीत सापडू द्या. मे महिन्याच्या उकाड्यात प्रेत लवकर गार पडत नाही, ताठरता मात्र लवकर येते आणि लवकर उतरते. त्यामुळे मृत्यूला किती तास झाले याचा विलायती डॉक्टरचा अंदाज इथल्या डॉक्टरच्या तोंडी जसाच्या तसा घालू नका. कोरोनरची, म्हणजे संशयास्पद मृत्यूंचा तपास करणाऱ्या अधिकाऱ्याची, चौकशी मात्र खुशाल ठेवा, त्या काळी मुंबईत कोरोनर होता.

प्रश्न : त्याच पुस्तकाची पानं उलटताना कोपरे तुटतात. झेरॉक्स काढू का? – तोच वाचक

उत्तर : नको. लाकडाच्या लगद्याच्या कागदात आम्ल असतं, त्याने तो ठिसूळ होतो. काचेवर दाबलंत की शिवण उसवेल. पुस्तक काटकोनाइतकंच उघडा, दोन्ही पुठ्ठ्यांना आधार द्या आणि मोबाइलने फोटो काढा. भाषांतर नव्या आवृत्तीवरून करा. सेलोटेप आणि फेव्हिकॉल दोन्ही वर्ज्य. पावसाळ्यात प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवू नका, आतली ओल आतच राहते आणि बुरशी धरते. धरलीच तर तोंडाला मास्क लावून, हवेशीर सावलीत वाळवा, पूर्ण सुकल्यावरच गॅलरीत नेऊन मऊ ब्रशने झटका. ओली झटकलीत तर ती कागदात पसरते.