पावडर दुधाच्या कंपनीने बालरोगतज्ज्ञांच्या परिषदेचा खर्च उचलला तर चालतं का?

नाही, भारतात हे बेकायदा आहे, आणि 'फक्त शैक्षणिक सहकार्य' असं नाव दिलं तरी चालत नाही. बाळाचं पर्यायी दूध, बाटल्या आणि शिशुआहार यांच्या नियमनाचा १९९२ चा कायदा, २००३ मध्ये दुरुस्त झालेला, वाचून सांगतोय. कलम ९ मध्ये चर्चासत्र, परिषद, स्पर्धा, फेलोशिप, संशोधन यांची नावं घेऊन मनाई आहे. पैसे एका डॉक्टरला द्या किंवा त्यांच्या संघटनेला द्या, दोन्हीला बंदीच. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. कंपन्यांच्या मानाने हा दंड फारच किरकोळ आहे, हे मला खटकतं.

दवाखान्यातही बघा:
- ओपीडीच्या भिंतीवर डब्याच्या ब्रँडचं पोस्टर
- डिस्चार्जच्या कागदांसोबत 'सॅम्पल' म्हणून दिलेला डबा

दोन्ही नियमाबाहेर. असं दिसलं तर फोटो काढून बीपीएनआयला (ब्रेस्टफीडिंग प्रमोशन नेटवर्क ऑफ इंडिया, स्तनपानाला प्रोत्साहन देणारी संस्था) पाठवा. १९९१ मध्ये वर्ध्यात सुरू झालेल्या या संस्थेला सरकारने या कायद्याखाली तक्रार करण्याचा अधिकार दिला आहे.

मात्र डॉक्टरांनी पावडरचं दूध लिहून दिलं म्हणजे ते कंपनीच्या दबावाखालीच असतील, असं समजू नका. गॅलॅक्टोसेमिया (दुधातली एक साखर पचवता न येण्याचा जन्मजात आजार) असलेल्या बाळाला आईचंही दूध चालत नाही, त्याला खास फॉर्म्युलाच लागतो. कायद्याने विक्री बंद केलेली नाही, बंद केली आहे ती जाहिरात आणि आमिष.