पांढरा पाव आणा चांदीचा का?

प्रश्न : जुन्या डब्यात १९३९ सालचा पाव आणा सापडला. रंग पांढरा, चकाकी चांगली. सांगलीच्या सराफकट्ट्यावर एकाने चांदीचा म्हटलं, दुसऱ्याने मुलामा. खरं काय? – एक वाचक, सांगली

उत्तर : मुलामाच. १९३९चा चलनातला पाव आणा कांस्याचा : ४.८६ ग्रॅम, २५.४ मिमी. याच मापाचं भरीव चांदीचं नाणं पावणेसहा ग्रॅमच्या आसपास भरेल. पाच मायक्रॉनचा मुलामा मात्र फार तर ०.०६ ग्रॅम वाढवतो. तेवढं तर झिजेतच जातं. म्हणून नुसत्या वजनावरून मुलामा ओळखू नका, घनता काढा. ०.०१ ग्रॅमचा काटा घ्या. त्यावर पाण्याचा पेला ठेवून काटा शून्य करा, नाणं दोऱ्याने बुडवा, तळाला टेकू देऊ नका. नाण्याच्या वजनाला दिसणाऱ्या आकड्याने भागा. ८.८–८.९ आलं तर कांस्य, चांदी १०.५ देते. नाण्याला चिकटलेला बुडबुडा उत्तर बिघडवतो.

मग दहापट भिंग. राजाच्या मुकुटावरची नक्षी झिजलेली आणि झिजेवरही तीच चकाकी, म्हणजे लेप टांकसाळीनंतरचा. अक्षरांच्या कडा बोथट, खाचेत मळ लेपाखाली अडकलेला, काठाच्या ओरखड्यात तांबूस रंग : एवढं पुरे. चुंबकाने चांदीचा मुलामा कळत नाही, निकेलचा जाड असेल तरच किंचित ओढ लागते. सराफाचं धातू तपासायचं यंत्र वरचा थरच वाचतं. कानस किंवा आम्ल लावू नका. पारा चोळूनही तांब्याची नाणी पांढरी करत आणि पाऱ्याची वाफ विषारी, म्हणून तापवू तर नकाच.