‘रुद्धोष्म’ : नेमकं काय अडवलंय?

प्रश्न असा आला आहे : रुद्धोष्म प्रक्रियेत उष्मा अडवलेला असतो, मग वायूचा दाब वाढवल्यावर तापमान कसं वाढतं? नावच चुकलंय का?

नाव अचूक आहे. रुद्ध अधिक उष्मा. अडवलेली आहे ती आतबाहेर जाणारी उष्णता. तापमानाला कोणीच अडवलेलं नाही. तापमान स्थिर राहतं ती प्रक्रिया ‘समतापी’, आणि वायू दाबताना ते स्थिर ठेवायचं तर उष्णतेला बाहेर वाट द्यावीच लागते. या दोन शब्दांची गल्लत फार होते.

इंग्रजी ‘ॲडियाबॅटिक’च्या मुळाशी ‘पार करता न येणारा’ या अर्थाचं ग्रीक विशेषण आहे. प्राचीन ग्रीकमध्ये ते पायी ओलांडता न येणाऱ्या नदीलाही लावत. म्हणजे आपला ‘दुस्तर’च! वायूच्या पात्राची भिंत उष्णतेला दुस्तर आहे, एवढंच हा शब्द सांगतो.

मग तापमान वाढतं कशानं? मराठीत ‘तापणं’ आणि ‘तापवणं’ ही दोन क्रियापदं आहेत, आणि इथे तो फरक मला फार मोलाचा वाटतो. दट्ट्या आत रेटला की वायू तापतो, पण त्याला कोणी तापवत नाही. रेटताना केलेलं कार्य रेणूंच्या ऊर्जेत जमा होतं. वायू प्रसरण पावताना उलट घडतं : कार्य तो करतो, ऊर्जा त्याची खर्च होते आणि तो निवतो.

किती तापतो? आदर्श वायूचं (ज्याचे रेणू एकमेकांना ओढत नाहीत असं मानलेल्या वायूचं) केल्विनमधलं तापमान दाबाच्या (गॅमा − १)/गॅमा या घाताच्या प्रमाणात बदलतं. गॅमा म्हणजे स्थिर दाबाच्या आणि स्थिर आकारमानाच्या विशिष्ट उष्णतांचं (ठरावीक वस्तुमानाचं तापमान एक अंशानं वाढवायला लागणाऱ्या उष्णतांचं) गुणोत्तर. हवेसाठी ते सुमारे १.४, म्हणून घात २/७. दाब दुप्पट केला तर ३०० केल्विनची हवा सुमारे ३६६ केल्विनवर जाते. २७ अंश सेल्सिअसवरून जवळजवळ ९३वर. दाबाबरोबर तापमानही दुप्पट होतं ते आकारमान स्थिर असताना. तो नियम इथे लावू नये.

हे सूत्रही दाब हळूहळू, समतोल राखत बदलला तरच चालतं. उष्णतारोधक पात्रात वायू निर्वाताकडे मोकळा सोडला, तर दाब घटतो, पण आदर्श वायूचं तापमान तेवढंच राहतं, कारण त्याला कशालाच रेटावं लागत नाही. प्रक्रिया मात्र तीही रुद्धोष्मच.